न बिघडलेल्या यंत्राची दुरुस्ती

आमच्या घरी २००६ साली घेतलेला एक लेझर प्रिंटर आहे. फक्त काळे छापणारा, चौकोनी, वजनाला पाण्याने भरलेल्या कळशीइतका. माझ्या तीन कादंबऱ्यांचे सगळे खर्डे त्याने छापले. इतक्या वर्षांत कागद ओढणारे रबरी रोलर दोनदा बदलले, अधूनमधून टोनर भरून घेतला, याखेरीज त्याने तक्रारीला जागा ठेवली नाही. गेल्या पावसाळ्यात त्याच्या जोडीचा जुना संगणक मात्र गेला. मदरबोर्डच जळाला. मुलाने नवा लॅपटॉप आणून दिला. मी प्रिंटरची वायर त्याला जोडली. वायर नीट बसली, प्रिंटरचा हिरवा दिवा लागला, लॅपटॉपने ओळख पटल्यासारखा आवाजही केला. त्यानंतर काहीही झाले नाही.

प्रिंटर रिक्षात घालून मी बुधवार पेठेतल्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो टेबलावर ठेवला, एक बटण दाबून धरले. घरघर झाली आणि चाचणीचे एक स्वच्छ, काळेभोर पान बाहेर आले. त्याने ते माझ्या हातात दिले आणि म्हणाला, ''काका, प्रिंटर ठणठणीत आहे. मी दुरुस्त करू तरी काय?''

कंपनीला फोन केला. पलीकडून अत्यंत नम्र आवाजात सांगण्यात आले, की या मॉडेलचा आधार संपला आहे, नव्या संगणकासाठी त्याचा ड्रायव्हर उपलब्ध नाही, आणि जुना देऊन नवा घेण्याची योजना मात्र उपलब्ध आहे. बँकेच्या नोकरीत बुडालेली, बुडणारी आणि बुडवलेली, सगळ्या प्रकारची कर्जे मी पाहिली. पण वस्तू धडधाकट आहे म्हणूनच ती दुरुस्त होऊ शकत नाही, हा प्रकार मला नवा होता.

हा केवळ माझ्या घरचा प्रश्न असता तर वाचकांची रविवार सकाळ मी त्यात घालवली नसती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपवला. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत दिली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ला ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर आणि सुरक्षेची विशिष्ट चिप लागते. कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३च्या अखेरीस अंदाज केला होता, की यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. त्यांतल्या बहुतेकांचा दोष माझ्या प्रिंटरसारखाच आहे. ते बिघडलेले नाहीत. त्यांच्याशी बोलणे बंद झाले आहे.

'बोलणे' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. प्रिंटर आणि संगणक यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक दुभाष्या असतो. आपण 'छापा' म्हणतो. पानावर कुठे कोणता ठिपका उमटवायचा, हे तो दुभाष्या प्रिंटरला त्याच्या भाषेत समजावतो. माझा दुभाष्या ३२ बिटांच्या प्रणालीसाठी लिहिलेला होता. नवा लॅपटॉप ६४ बिटांचा. तिथे त्या जुन्या दुभाष्याला प्रवेशच नाही. नवा दुभाष्या फक्त कंपनी लिहू शकते, कारण त्या प्रिंटरची भाषा तिने कोणाला शिकवलेली नाही. आणि कंपनीला तो लिहायचा नाही.

यातली खरी गंमत, किंवा खरे दुःख, पुढेच आहे. माझ्या प्रिंटरपेक्षा वयाने मोठे असलेले प्रिंटर आज सुखाने चालतात. कुठल्याही ट्रान्स्पोर्ट कचेरीत किंवा घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर जा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्रकर्र आवाज करीत कार्बनच्या तीन-तीन प्रती छापताना दिसेल. आमच्या शाखेत पहिला संगणक आला तो रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर सुरू झालेल्या यांत्रिकीकरणातून, आणि त्याच्याबरोबर असाच एक प्रिंटर आला. हाताच्या अंगठ्याएवढी जाड वायर, छत्तीस टोकांचा प्लग, दोन्ही बाजूंना तारेच्या पकडी. आजच्या लॅपटॉपला ती खाच नाही, पण यूएसबीकडून त्या प्लगकडे नेणारी वायर बाजारात मिळते आणि बहुधा काम भागते. कारण त्या प्रिंटरची भाषा साधी आणि उघड होती. एप्सनने रूढ केलेल्या आज्ञा इतर कंपन्यांनीही उचलल्या, आणि ती बाजारातली बोलीच झाली. १९८४ साली अ‍ॅडोबीने पोस्टस्क्रिप्ट आणली, एचपीच्या लेझर प्रिंटरांबरोबर पीसीएल रुजली. या भाषांची पुस्तके छापली गेली, कोणीही शिकावे अशी. त्या भाषा जाणणाऱ्या प्रिंटरला दुभाष्याची चिंता सहसा पडत नाही.

पुढे घराघरांत प्रिंटर विकायची वेळ आली तेव्हा किंमत खाली आणण्यासाठी कंपन्यांनी एक युक्ती केली. प्रिंटरमधली बुद्धी काढून घेतली. पान रचण्याचे सगळे काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकले, प्रिंटरला केवळ हुकमाचा ताबेदार केले, आणि हुकूम देण्याची भाषा प्रत्येकाने आपापली, गुप्त ठेवली. प्रिंटर दोन-तीन हजारांनी स्वस्त झाला. मीही त्या स्वस्ताईला भुललो. त्या दोन-तीन हजारांत मी काय विकले, हे कळायला इतकी वर्षे गेली.

''पण आता छापायचेच कशाला?'' हा प्रश्न मला मुलाने विचारला, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर घरगुती आहे. माझ्या प्रत्येक लेखनाची पहिली वाचक माझी पत्नी. गेली काही वर्षे तिला काचबिंदूचा त्रास आहे. पडद्याचा उजेड डोळ्यांना सोसत नाही. पाच मिनिटांत पाणी येते. कागदावर, वीस पॉइंटच्या जाड अक्षरांत, खिडकीशी बसून ती अजून वाचते. पेन्सिलने समासात खुणा करते. 'इथे बाई असे बोलणार नाही' एवढेच लिहिते आणि माझे एक प्रकरण पुन्हा लिहावे लागते. चौथ्या कादंबरीची एकशेवीस पाने लॅपटॉपमध्ये पडून होती आणि ती रोज संध्याकाळी विचारीत होती, ''अहो, झाले का ते यंत्र?'' नवा प्रिंटर घेणे आम्हाला अशक्य नव्हते. पण धडधाकट वस्तू फेकून तीच वस्तू पुन्हा घेण्याला माझ्या मनाने नकार दिला. त्या नकाराचे एक जुने कारणही आहे.

बँकेत आणि सरकारी कचेऱ्यांत डेड स्टॉक रजिस्टर नावाचे एक जाडजूड पुस्तक असते. सरकारी मराठीत जडवस्तू संग्रह नोंदवही. खुर्ची, पंखा, तिजोरी, प्रिंटर, सगळ्यांची त्यात नोंद. बँकेच्या हिशेबात संगणकावर दरसाल एकतृतीयांश घसारा धरतात. तीन वर्षांत त्याची किंमत संपते. मग वस्तू आहे, हे विसरले जाऊ नये म्हणून तिची किंमत एक रुपया लिहून ठेवायची आमच्याकडे रीत होती. तो एक रुपया मला नेहमी आवडे. हिशेबाने संपलेल्या वस्तूला दिलेला तो मान होता.

२००९ साली आमच्या कचेरीत नवे संगणक आले आणि त्यांच्याशी एकतीस प्रिंटर बोलेनात. ते प्रिंटर सहा वर्षांपूर्वी ज्या समितीने सर्वांत कमी दराच्या निविदेवर बोट ठेवून घेतले, तिच्यात मी होतो. निविदेत मिनिटाला किती पाने, हमी किती वर्षे, हे सगळे आम्ही विचारले होते. प्रिंटरची भाषा कोणती, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. आता त्यांच्या निर्लेखनाची टिपणी माझ्याकडे आली. तिच्यात ठरीव शब्द असतो, 'निरुपयोगी'. मी सही केली. भंगारवाल्याचा टेम्पो आला. प्रिंटर चढवता चढवता त्याने विचारले, ''साहेब, चालू आहेत का?'' मी 'नाही' म्हणालो. ते खोटे होते. एकतीसही प्रिंटर चालू होते.

असे हिशेब आज जगभर मांडले जात आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या सहभागाने निघालेल्या २०२४च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेला. उरलेल्यातला बराचसा कुठल्या गल्लीत, कोणाच्या उघड्या हातांनी आणि कोणत्या आम्लात मोडला जातो, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. आपल्या २०१६च्या ई-कचरा नियमांत वस्तूच्या आयुष्याच्या शेवटाची व्याख्या होती: वापरणारा ती टाकून द्यायचे ठरवतो तो क्षण. व्याख्या वाचून मला हसू आले. मी तर काहीच ठरवले नव्हते. ठरवले दुसऱ्याने, आणि मला फोनवर कळवले.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. ड्रायव्हर हा संगणकाच्या अगदी आतल्या खोलीत वावरणारा नोकर असतो. तो जुना, दुर्लक्षित राहिला तर चोरांना तीच वाट सापडते. २०२१ साली विंडोजच्या छपाई-व्यवस्थेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेली त्रुटी सापडली तेव्हा जगभरच्या कचेऱ्यांना तातडीने डागडुजी करावी लागली. सप्टेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर आपल्या अपडेटमधून पुरवण्याचे काम टप्प्याटप्प्याने आटोपते घेतले जाईल. आधी बसवलेले चालू राहतील, पण पुढचा मार्ग आयपीपी या सर्वसामान्य भाषेचा. मोबाइलवरून थेट छापणारे आजचे प्रिंटर याच कुळातले. म्हणजे चाळीस वर्षांनी बाजार पुन्हा डॉट मॅट्रिक्सच्या शहाणपणाकडे आला: भाषा एक असावी आणि ती सर्वांना यावी. हे स्वागतार्हच आहे. प्रश्न उरतो तो मधल्या पिढीचा, ज्यांना कंपन्यांनी गुप्त भाषा शिकवली आणि नंतर वाऱ्यावर सोडले.

तेव्हा सुरक्षेसाठी दार बंद करणे एकवेळ समजते. दार बंद करून किल्ली विहिरीत टाकणे समजत नाही. तुम्हाला हा प्रिंटर सांभाळायचा नसेल तर त्याची भाषा जाहीर करा. सांभाळणारे दुसरे निघतील. ही मागणी जुनी आहे, आणि योगायोग असा की तिचा जन्मच एका प्रिंटरपाशी झाला. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर काम करीत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्याने सुधारणा केली होती: कागद अडकला की ज्यांची कामे खोळंबली आहेत त्यांच्या पडद्यावर निरोप जाई. मग झेरॉक्स कंपनीने नवा लेझर प्रिंटर भेट दिला, पण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर दिला नाही. ज्याच्याकडे तो होता, त्यानेही गुप्ततेच्या कराराचे कारण सांगून नकार दिला. त्या नकाराने दुखावलेल्या स्टॉलमनने १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. आज जगातले असंख्य संगणक ज्या लिनक्सवर चालतात, ती उभी राहिली त्याच चळवळीच्या पायावर. कागद अडकण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीतून केवढे काय निघू शकते!

कायदाही हळूहळू जागा होतो आहे. वस्तूचे आयुष्य मुद्दाम कमी करणे हा फ्रान्समध्ये २०१५पासून गुन्हा आहे, आणि २०२१पासून तिथे लॅपटॉप वगैरे काही वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात, याचे दहापैकी गुण छापावे लागतात. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला आणि सदस्य देशांना अंमलबजावणीसाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख दिली. धुलाई यंत्रे, फ्रिज, मोबाइल त्याच्या यादीत आहेत. प्रिंटर नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये समिती नेमली, शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी अशी चार क्षेत्रे निवडली, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी नेमलेल्या दुसऱ्या समितीने २०२५च्या मे महिन्यात अहवाल दिला. त्यात सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून करण्याची शिफारस आहे.

हे सगळे चांगले आहे, पण त्याचा मुख्य रोख स्क्रूवर आणि सुट्या भागांवर आहे. माझ्या दुरुस्तीवाल्याकडे स्क्रू उघडायचे सगळे पाने आहेत, आणि रोलर तर तो जुन्या प्रिंटरांतले काढूनही बसवतो. त्याचे हात जिथे थांबतात ते ठिकाण म्हणजे ड्रायव्हर. पंचवीस वर्षांच्या हातच्या कलेला जर 'मी दुरुस्त करू तरी काय' असे विचारावे लागत असेल, तर दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळूनही दुकान बंदच होणार.

म्हणून तीन साध्या गोष्टी मागाव्यात असे मला वाटते. औषधाच्या पाकिटावर जशी अखेरची तारीख असते, तसे प्रत्येक संगणकीय वस्तूच्या खोक्यावर 'सॉफ्टवेअरचा आधार अमुक सालापर्यंत' हे ठळक छापलेले असावे. मग स्वस्त काय आणि महाग काय, हे ग्राहक ठरवील. दुसरे, आधार थांबवताना अखेरचा ड्रायव्हर कायम उपलब्ध ठेवणे आणि वस्तूची भाषा जाहीर करणे बंधनकारक असावे. आणि तिसरे, ज्याला कायदाही लागत नाही: बँका, शाळा, सरकारी कचेऱ्या हे देशातले मोठे ग्राहक आहेत. आज सरकारी खरेदी जेम पोर्टलवरून होते. निविदेत 'सर्वमान्य खुली भाषा जाणणारा प्रिंटर' एवढी एक अट घातली, तर बाजार आपसूक वळेल. ही ओळ २००३ साली मी लिहू शकलो असतो.

माझ्या प्रिंटरचे पुढे काय झाले, तेही सांगतो. वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी राहते. तिने विचारले, ''काका, घरात एखादा जुना लॅपटॉप पडलाय का?'' होता. मुलाचाच, विंडोज ११ न पेलणारा, म्हणून कपाटात गेलेला. तिने त्यावर लिनक्स चढवली. या प्रणालीवर कप्स नावाची खुली छपाई-व्यवस्था आहे, १९९९पासून चालत आलेली. आणि माझ्या प्रिंटरची गुप्त भाषा जगातल्या कोणा हौशी माणसांनी, पैशाच्या अपेक्षेविना, निरीक्षणाने उलगडून तिचा ड्रायव्हर फुकट ठेवून दिला होता. पहिली संध्याकाळ वाया गेली. दुसऱ्या संध्याकाळी पान निघाले, पण खालच्या दोन ओळी गायब. कागदाचे माप अमेरिकन धरले गेले होते. ते ए-फोर केल्यावर काम फत्ते झाले. आता जुना लॅपटॉप प्रिंटरशी त्याच्या भाषेत बोलतो, आणि घरातल्या वायफायवरून नव्या लॅपटॉपशी आयपीपीच्या भाषेत. भंगारात निघालेल्या एका यंत्राने भंगारात निघालेल्या दुसऱ्याला वाचवले. तेव्हा वाचकांनीही जुने यंत्र टाकण्यापूर्वी असा एखादा दुभाष्या घरात किंवा शेजारी आहे का, एवढे पाहावे. आणि नवा प्रिंटर घेताना तो ड्रायव्हरशिवाय छापतो का, हे दुकानदाराला आवर्जून विचारावे.

मात्र हा उपाय धोरण म्हणून सांगता येत नाही. प्रत्येकाच्या वरच्या मजल्यावर अशी मुलगी राहत नाही.

हा लेख याच प्रिंटरवर वीस पॉइंटच्या अक्षरांत छापून मी पत्नीच्या हाती दिला. तिने तो खिडकीशी बसून, बोट फिरवत, पूर्ण वाचला. एरवी समासात दहा खुणा असतात; या वेळी एकच होती, भंगारवाल्याच्या परिच्छेदापाशी. तिथे तिने पेन्सिलने लिहिले होते, 'मग पुढे त्याने त्यांचे काय केले?'

मला ठाऊक नाही. मी त्याला विचारले नव्हते.